भरती-सुकती आणि माझा जळफळाट

ती येईपर्यंत आमच्या संस्थेत खाडीच्या पाण्याची माहिती म्हणजे मी. पनवेलजवळच्या खाड्यांतून पाण्याच्या बाटल्या भरून येत, प्रयोगशाळेत तपासल्या जात, आणि ते आकडे नीट लावून जपणं हे माझं काम. कुणालाही काही हवं असलं की माझ्या टेबलाशी यावं लागे. मला ते फार आवडायचं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

मग सरांनी संशोधनासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी टीम उभी केली आणि तिच्यावर माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी आणून बसवली. "तुम्ही दोघींनी मिळून काम करायचं," सर म्हणाले. मिळून म्हणजे आकडे माझे आणि कौतुक तिचं. तिनं माझ्या आकड्यांतून एक नकाशा केला. खाडीवर कुठंही बोट ठेवलं की तिथलं पाणी कसं आहे ते स्क्रीनवर दिसे. सगळे तिच्याभोवती जमायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली! बाटल्या आणणारे कोळीदादा इतकी वर्षं माझ्यापाशी बसून चहा प्यायचे. तेही एक दिवस दारातूनच म्हणाले, "ती नवी ताई नाय आली काय आज?"

"मी आलेय ना," मी म्हटलं. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

त्यातच बाहेरून तज्ज्ञांची समिती येणार होती आणि तिच्यासमोर आमच्यापैकी एकीनं बोलायचं होतं. ती एक मीच असावी असं मला अगदी आतून वाटत होतं. मी साडीसुद्धा काढून ठेवली होती.

समिती यायच्या आधी तिचा नकाशा बघताना मला चूक सापडली. कोळीदादा प्रत्येक जागी दोनदा पाणी घेतात, एकदा भरतीला आणि एकदा सुकतीला, म्हणजे ओहोटीला. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं. सुकतीला ते निघून जातं आणि वरच्या नाल्यांचं काळं पाणी तेवढं मागं उरतं. भरती-सुकतीचा रकाना हिला नुसता शेरा वाटला. तिच्या प्रोग्रॅमनं एका दिवसाच्या दोन आकड्यांची सरळ सरासरी काढली होती आणि खाडी सगळीकडे बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होती. पुण्यात वाढलेल्या पोरीला सुकती काय कळणार! माझ्या मनात उकळ्या फुटल्या. मुद्दाम चहाच्या वेळी, सगळे जमलेले असताना, मी ते मोठ्यानं सांगितलं.

वाटलं, बाईसाहेबांचा चेहरा उतरेल. तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बरं झालं सांगितलंत, ताई. बसा ना. अजून काय काय चुकलंय?"

मग रोज शेजारी बसून आम्ही तो नकाशा दुरुस्त केला. मी सांगायची, ती प्रोग्रॅम बदलायची. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे, त्याचाही मला राग यायचा. शेवटी भरतीचा एक आणि सुकतीचा एक असे दोन नकाशे तयार झाले. ते शेजारी शेजारी ठेवले की खाडीचं खरं दुखणं कुणालाही दिसावं.

समितीच्या दिवशी सरांनी बोलायला तिलाच बोलावलं. मी मांडीवरची फाईल घट्ट धरून बसले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ताई बोलतील. नकाशा मी केलाय, पण खाडी त्यांना कळते."

मी बोलले. चांगलं बोलले. समितीनं प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही न अडखळता दिली. सगळ्यांत जोरात टाळ्या तीच वाजवत होती. मी तिच्या चेहऱ्यावर खोट शोधत होते, ती काही सापडली नाही.

नंतर सगळे अभिनंदन करायला आले, तीही आली. तिचं तरुणपण, तिची हुशारी, सरांचं कौतुक, हे सगळं मी आज ना उद्या गिळलं असतं. पण तिच्या जागी मी असते तर बोलायला मीच गेले असते, हे मला तिचा हात हातात घेतानाच कळलं. तेवढं मात्र अजून गिळता आलेलं नाही.