संमतीपत्र आणि दोन शेळ्या

सेहेचाळिसाव्या वर्षी मी गुन्हेगारीशास्त्र शिकायला घेतलं. घरात गुन्हेगार कुणी नव्हतं. वीस वर्षं कपाटात पडलेला एक डिप्लोमा होता आणि त्यावर थेट दुसऱ्या वर्षाला ऑनलाइन प्रवेश मिळत होता. जावेने विचारलं, आता तुम्हाला कुणालाही अटक करता येईल का. मी म्हटलं, अजून दोन सेमिस्टर थांबा.

शेवटच्या विषयाला प्रकल्प होता. खऱ्या भांडणातल्या दोघांना समोरासमोर बसवून तडजोड घडवायची आणि रविवारपर्यंत अहवाल द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. मी यादी केली: भांडण, सतरंजी, चहा, संमतीपत्राच्या दोन प्रती.

आमच्या गोरेगाव या खेड्यात भांडण लगेच मिळालं. शेजारच्या आजींच्या दोन शेळ्यांनी मागच्या गल्लीतल्या टेलरचाचांची मेथी फस्त केली होती, आणि चाचांनी शेळ्या स्वतःच्या अंगणात बांधून ठेवल्या होत्या. शनिवारी दोघंही आले. मी सतरंजी अंथरेपर्यंत आजी म्हणाल्या, यापुढे दावं लावते. चाचा म्हणाले, घेऊन जा, नुसत्या ओरडून राहिल्यात. मिटलं. पुस्तकात याला तीन बैठका लागतात. थोडं तरी भांडा, अशी विनंती मी केली, पण दोघांनाही कामं होती.

यादीतलं शेवटचं उरलं होतं, म्हणून मी संमतीपत्र पुढे केलं. आजींना वाचता येत नाही. 'अपराधी पक्ष' लिहिलेला रकाना मी वाचून दाखवला आणि इथे अंगठा द्या म्हटलं.

आजींनी हात पदरात घेतला. "काहून? म्या काय खून केला व्हय?"

चाचांनी आपला रकाना वाचला. दोन वाफे मेथीसाठी आपण 'पीडित' झालो, हे त्यांना रुचलं नाही. शिवाय सही केली की कोर्टाच्या तारखा लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजींना वाटलं, कागद चाचांनीच करून आणलाय. चाचांना वाटलं, मी आजींची शेजारीण, तेव्हा डाव आम्हा दोघींचा. पाच मिनिटांत ते मेथी विसरून एकमेकांच्या सोयऱ्यांवर घसरले आणि शेळ्या परत द्यायचं चाचांनी रद्द केलं. अभ्यासक्रमात मध्यस्थाने भांडण लावण्यावर धडा नव्हता.

सहीशिवाय अहवाल चालणार नव्हता. तरीही मी दोन्ही प्रती त्यांच्यासमोर फाडल्या.

"आता तरी मिटलं का?"

"आमचं तवाच मिटलं हुतं, बाई," आजी म्हणाल्या. "मधी तूच आली."

चाचांनी मान हलवली. "बराबर."

संध्याकाळी शेळ्या आजींच्या घरी आल्या. मी खरं तेच लिहून पाठवलं. 'अपराधी पक्ष' या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. सोमवारी उत्तर आलं: प्रामाणिकपणा उल्लेखनीय, सह्यांअभावी अनुत्तीर्ण.

विषय यंदा पुन्हा देते आहे. भांडणासाठी मात्र दुसऱ्या गावी, कनेरगाव नाक्याकडे जावं लागतं. आमच्या गल्लीत मी दिसले की लोक एकमेकांशी फार गोड बोलतात.