फेट्याच्या दुकानासमोरचं व्याकरण

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, टोपी बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी स्पर्धापरीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. सी, हिअर, वॉच यांच्यानंतर क्रियापदाचं कोणतं रूप घ्यायचं, हा धडा मला कुणीही झोपेतून उठवून विचारावा. पण मी तो फळ्यावर शिकवत नाही. मुलांना खिडकीशी उभं करते.

समोर लग्नाचे फेटे बांधून देणारं दुकान आहे. पहिल्या वेढ्यापासून तुरा खोचेपर्यंत ज्यांनी सगळं पाहिलं, त्यांनी लिहायचं, ‘आय सॉ हिम टाय अ टर्बन.’ जे नुसतं मधेच डोकावले, त्यांनी ‘टायिंग’. इतकं सोपं आहे. याद्या घोकून घेणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवतही नाही.

क्लासचे मालक मात्र वैतागले. त्यांनी स्वतः लिहिलेलं गाइड मुलांना पाठ व्हावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

“ताई, हा खिडकीचा तमाशा बंद करा. सिलेबस कधी पूरा होणार? उद्या मी मागे बसून गाइडमधले प्रश्न विचारतो. जमलं नाही, तर बॅच नव्या सरांना.”

घरी मी कुणाला काही बोलले नाही. इतकी वर्षं शिकवून बॅच हातची जाणं मला फार लागलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी मी मुलांना पुन्हा खिडकीशीच नेलं. हट्टी आहेच मी.

मालक गाइड घेऊन मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी नेमकं दौलतगंजातून येणाऱ्या मुलीला उभं केलं. मराठी घरातली, हुशार, पण सहा महिन्यांत तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. गाइडमधली रिकामी जागा त्यांनी वाचून दाखवली.

“आय सॉ हिम डॅश द रोड. क्रॉस की क्रॉसिंग?”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, “सर, तो इस पार से उस पार गेला, ते तुम्ही पूरा बघितलं का, की बस बीच में दिसला?”

“मी कुठे बघितलं? गाइडमध्ये आहे.” त्यांनी उत्तरांचं पान काढलं. “क्रॉसिंग.”

“मग लिहिणाऱ्याने बीच में बघितलं असेल. मी पूरा बघितलं असतं, तर क्रॉस लिहिलं असतं. दोन्ही सही आहेत, सर.”

सगळा वर्ग हसला. मालक क्षणभर लाल झाले, मग तेही हसले. खिशातलं पेन काढून त्यांनी त्या उत्तराशेजारी काहीतरी लिहिलं आणि उठले.

“ताई, बॅच तुमचीच,” दारातून जाताना ते म्हणाले.

जिंकल्याचा आनंद मला झालाच, खोटं कशाला बोलू? पण त्या मुलीकडे वळून पाहिलं तर ती अजून उभीच होती, पुढचा प्रश्न येईल म्हणून.