एकोणतीस

मी लातूरला शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना गणित कसं शिकवायचं ते शिकवते. पीएच.डी. मात्र नांदेडच्या विद्यापीठात करत होते. विषय होता, मुलं दोन अंकी संख्या कशा ऐकतात आणि कशा लिहितात. त्यासाठी मुखेड तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गात जाऊन बसायचे. मुलांनी काहीही लिहिलं तरी मध्ये बोलायचं नाही, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावून ठेवलं होतं.

वर्गाच्या गुरुजींना माझं येणं पहिल्यापासूनच खटकत होतं. "आमच्या चुका टिपून न्यायला आलात का, मॅडम?" असं त्यांनी हसत विचारलं होतं, पण ते हसू खरं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी मोबाईल बाकावर पुस्तकांना टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. गुरुजींनी एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं. सडपातळ, केसांना चापून तेल लावलेली, एरवी चुरूचुरू बोलणारी पोरगी.

"लिही, एकोणतीस."

तिनं ३९ लिहिलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"परत लिही. एकोणतीस!"

तिनं पुसलं आणि पुन्हा ३९ लिहिलं. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काल शंभरदा लिवून घेतलं ना? पाहुण्यांसमोर मुद्दाम करून राहिली का?"

त्यांनी तिचं खडू धरलेलं मनगट पकडलं आणि हात फळ्यावर दाबला. खडू मोडला. मुलगी रडली नाही, नुसती आखडून उभी राहिली.

मी बसून होते. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच, की रेकॉर्डिंग नीट होतंय ना. मग गुरुजींचा दुसरा हात वर गेला आणि मी उठले.

"गुरुजी, मी विचारू का तिला?"

हात तसाच थांबला. मनगट सुटलं. मी मुलीजवळ जाऊन खाली बसले.

"तीन का लिहिलास गं?"

"तीस म्हणले की गुरुजी. तिसाला तीन."

"आणि नऊ?"

"एकोण म्हणल्यावर नऊ." मला एवढंही कळत नाही, असं तिला वाटलं असावं.

मी एकोणचाळीस लिहायला सांगितलं. तिनं ४९ लिहिलं. चौतीस आणि छत्तीस मात्र बिनचूक लिहिले. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळ्यांत नऊ येतो हे तिनं आपलं आपण हेरलं होतं. एकोण म्हणजे एक कमी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"ते पुसून टाका, मॅडम. नोकरी हाय माझी."

"तुम्ही तिच्यावर हात उचलला."

"हाव. उचलला." ते खुर्चीत बसले. "एकोण म्हणजे एक कमी, हे मला तरी कुणी सांगितलं होतं? मी बी पाठच केलं."

त्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्या सगळ्या कामातला सर्वांत चांगला संवाद होता. मी ते ठेवते म्हटलं असतं तर त्यांना काही करता आलं नसतं. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

"पुन्हा कुठल्याच पोरावर हात उचलायचा नाही."

त्यांनी मान हलवली. मी पुसलं. बरोबर केलं का, ते मला अजून सांगता येत नाही.

नांदेडला बाई भडकल्या. "तू मध्ये बोललीस, आणि पुरावाही घालवलास!" तो वर्ग अभ्यासातून वगळावा लागला. पुढचे कित्येक महिने मी दुसऱ्या शाळांमध्ये हिंडले, तेव्हा कुठे तसंच लिहिणारी आणि तसंच कारण सांगणारी मुलं सापडली.

मधे एकदा त्या शाळेत गेले होते. गुरुजी मण्यांची माळ धरून वर्गाला विचारत होते, "तीसच्या एक मणी मागं या, कुठं आलाव?" ती मुलगी सगळ्यांच्या आधी ओरडली. गुरुजी माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. चहा मात्र पाठवला. मी तो पिऊन मुखेडची एसटी पकडली.