पाठीवरची पट्टी

आईच्या मूत्रपिंडांना अंगदुखीच्या गोळ्या सोसत नाहीत, हे इंदापूरच्या डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. म्हणून बारामतीच्या मेडिकलमधून मी औषधाच्या पट्ट्या घेतल्या. कातडीवर चिकटवायच्या, की औषध हळूहळू मुरतं. सोबत बारीक अक्षरांचा माहितीचा कागद होता. तो मी वाचला नाही. शिकल्या-सवरल्या माणसाचा माज, दुसरं काय!

पळसदेवला आईकडे पोचले तेव्हा आई बागेत पेरूच्या फळांना पिशव्या बांधत होती. दिवसभर हात वर करून तिची पाठ भरून यायची. पहिली पट्टी मीच तिच्या पाठीवर लावली.

"ह्यानं आतनं काय व्हायचं न्हाय न्हवं?"

"बाहेरून लावायचं औषध आहे, आई. पोटात जातंय कुठं? खुशाल लाव."

महिनाभरात तिचे पाय सुजले, अन्न समोर आलं की मळमळायला लागलं. इंदापूरला दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "कोणती गोळी दिलीत?"

मी भडकले. "एकही नाही! मला काय अडाणी समजता?" बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली, एवढा माझा आवाज चढला होता.

मग सिस्टरनं तपासायला आईचं पोलकं वर केलं, लुगडं गुडघ्यांवर सरकवलं. पाठ, कंबर, दोन्ही गुडघे मिळून सात पट्ट्या निघाल्या. जुनी न काढताच तिच्या शेजारी नवी. पाठीवरच्या पट्ट्या शेजारच्या बागेतली बाई लावून द्यायची. वरून गरम विटेचा शेकही चालू होता.

"वास हाय तवर औषद हाय," आई म्हणाली. "चांगली पट्टी कशाला फेकायची?"

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "आजी, हे कातडीतून रक्तातच जातं. एखादी लावायची तरी तुमच्या बाबतीत जपूनच, आणि तुम्ही सात लावल्यात. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. आणि रिपोर्टची घडी घालायला लागले.

"कुनी न्हाय," आई भिंतीकडं बघत म्हणाली. "माजं मीच. पोरगी तर नगं म्हनत हुती."

सिस्टर पट्ट्या सोलून काढत होती. जुन्या पट्ट्यांखालची कातडी लालभडक झाली होती. आईनं हूं की चूं केलं नाही. मला मात्र रडू आवरेना, आणि सिस्टरला वाटलं, मुलगी किती मायाळू आहे.

मूत्रपिंडं पुरती सावरली नाहीत. दर महिन्याला आम्ही तपासणीला जातो. डॉक्टर आईला रागावतात, मुलीचं ऐकत जा म्हणतात. आई मान हलवते, आणि मी तिची पिशवी धरून शेजारी गप्प उभी असते.