भक्तनिवासाची वही

इतक्या वर्षांच्या नोकरीतला तो तपास मनातून काही जात नाही, आणि त्यात चोरी नव्हती की खून.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका गृहस्थाने बायको पाच दिवसांपासून बेपत्ता असल्याची तक्रार दिली. माणूस रडत होता. आम्ही मिसिंगची नोंद घेतली, फोटो फिरवला. दुसऱ्या दिवशी नृसिंहवाडीच्या एका पेढेवाल्याने आमच्या हवालदाराला फोन केला. "पावणं, फोटोतली बाई सकाळी आरतीला दिसली की. भक्तनिवासात उतरलीया जणू."

डायरीत नोंद करून आम्ही निघालो. भक्तनिवासाचं काम एक निवृत्त शिक्षिका पाहत होत्या. मी मुक्कामाला आलेल्यांच्या वहीची महिन्याभराची झेरॉक्स मागितली.

उतरणाऱ्यांच्या नोंदी पोलिसांना दाखवाव्यात, असा आमचाच जुना आदेश त्यांनी कपाटातून काढला. "यात लॉज आणि हॉटेल लिहिलंय. आम्ही भाडं घेत नाही."

"बाई, कोण कुठं राहतंय ते पोलिसांना कळावं, हा आदेशाचा हेतू आहे."

"हेतू तुम्हीच ठरवणार असाल, तर शब्द लिहिले कशाला? कोण हवंय ते एक नाव लिहून द्या. कशासाठी तेही लिहा."

मला राग आला. पण कुतूहलही वाटलं. सरकारी कागद इतका नीट वाचणारं माणूस मला क्वचितच भेटलं होतं. मी खुर्ची ओढून विचारलं, "आणि एखादं लहान मूल पळवलं असतं तर?"

"तर मीच तुमच्या जीपमध्ये येऊन बसले असते."

तेवढ्यात हवालदाराचा मोबाईल वाजला. तक्रारदार होता. आवाज मलाही ऐकू आला. "सायब, वाडीत घावली म्हणं? मी निघालोय."

आम्ही त्याला काहीच कळवलं नव्हतं. ठाण्याच्या डायरीतूनच बातमी फुटली होती.

मी कागदावर एकच नाव लिहिलं आणि खाली कारण लिहिलं. बाई आत गेल्या आणि तिला घेऊन आल्या. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"मी हरवल्याली न्हाय, सायब," ती म्हणाली. "मी निघून आलीया. त्यांला सांगू नगासा."

महिला अंमलदार बोलावून जबाब घेतला. नवरा पोचण्याआधी तिला आजऱ्याला भावाकडे रवाना केलं. नवऱ्यावर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला. त्याला मी एवढंच सांगितलं, की ती सुखरूप आहे आणि सज्ञान आहे. बातमी फोडणारा आमचाच एक शिपाई निघाला. त्याच्यावर कारवाई झाली.

कायद्याचा अर्थ कधी रुंद लावावा, कधी शब्दाला धरून राहावं, याचं पक्कं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. अर्थ रुंद लावल्याने वाचलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण त्या दिवशी पूर्ण वही ठाण्यात आणली असती, तर महिन्याभरातली सगळी नावं माझ्या टेबलावर आली असती. आणि ते टेबल माझ्या एकट्याचं नव्हतं.