टिचबटणाचं कव्हर

कडुबाला अर्धांगवायूचा झटका येऊन सात वर्षं झाली. डावा हात तेव्हापासून नुसता सोबतीला असतो. उजवा शाबूत आहे आणि त्या एका हाताने तो माझ्यापेक्षा सरळ फोटो काढतो. मी बँकांसाठी घरांची पाहणी करतो. मी टेप धरून भिंती मोजतो, तो फोटो काढतो. पाचोडच्या शाळेत एका बाकावर बसलो म्हणून आजही एकमेकांना सहन करतो, एवढंच. मोबाईल एका हातात सांभाळून बटण दाबणं त्याला जमत नाही. छोटा कॅमेरा मुठीत बसतो.

हा कॅमेरा त्याच्या गळ्यात लटकायचा तो द्वारकावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, शिवलेल्या कव्हरात. वहिनी गारखेड्यात ब्लाउज शिवायच्या. स्वतःच्या ब्लाउजमधून उरलेलं जांभळं कापड, आत साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, झाकणाला टिचबटण. अंगठा लावला की उघडायचं. तीनदा उसवून चौथ्यांदा त्यांनी ते जमवलं होतं. "इकतची कवरं दोन हातवाल्यांसाठी असत्यात. याला एकबी उघडायचं नाय," असं त्या मला ठणकावून सांगायच्या, जणू ती कव्हरं मीच विकत होतो.

वहिनी गेल्या त्याला आज सतरा दिवस झाले. दहाव्याला पैठणच्या घाटावर त्यांच्या कपड्यांचं गाठोडं देऊन टाकलं. गाठोडं बांधताना सुनेने, तनुजाने, ते जांभळं कापड वर धरून विचारलं होतं, "मामा, हे आत्याबाईंचंच ना?" कडुबा नीट न बघताच म्हणाला, "व्हय, तिचंच." कॅमेरा तेव्हा कपाटावर उघडाच पडला होता.

चूक त्याला काल कळली, कामाला निघायची तयारी करताना. घरात कुणाला बोलला नाही. मला फोन करून म्हणाला, "कवर गेलं गाठोड्यात. नवं घ्यावं लागंल." घरातलं दूध संपलंय, अशा आवाजात.

कव्हराशिवाय काम नाही, आणि कामाशिवाय हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसणार. म्हणून मी त्याला स्कूटरवर बसवून शहागंजच्या बाजारात, कॅमेऱ्याच्या दुकानात आणलं.

दुकानदार भलताच उत्साही होता. "ये देखो चाचा, पानी भी नहीं जाता!" पहिलं कव्हर चेनचं. कडुबाने चेन ओढली की सगळं कव्हरच चेनीबरोबर यायचं. दुसरं त्याने छातीशी दाबून दातांनी उघडायला घेतलं. मी छतावरच्या पंख्याकडे बघत राहिलो. तिसऱ्याची चिकटपट्टी इतकी घट्ट, की हिसका दिल्यावर कॅमेराच खाली पडता पडता वाचला. प्रत्येक कव्हर तो काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "नाय."

चिडला नाही. चिडलो मी. दुकानदारावर, चेन शोधून काढणाऱ्यावर आणि सगळ्यात जास्त कडुबावर. बायको गेली तर माणूस रडत नाही? हा तेराव्याला एका हाताने पंगतीत बुंदी वाढत होता, आणि कमी पडली का म्हणून विचारत होता. मला त्याची भीती वाटत होती, खरं सांगायचं तर.

शेवटी दुकानदाराने खालच्या खणातून एक काळं कव्हर काढलं. झाकणाला लोहचुंबक. मी ते कडुबाच्या गळ्यात अडकवलं. त्याने अंगठा लावला. उघडलं. कॅमेरा बाहेर आला, परत आत गेला, झाकण आपोआप बसलं. त्याने पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

"जमलं एकदाचं!" मी म्हणालो आणि पाकिटाला हात घातला.

कडुबाचं चालूच होतं. पाच वेळा, सहा वेळा. मग कॅमेरा हातात धरून तो थांबला.

"उघडतंय की रं, बद्रीनाथ."

"मग? तेच तर पाहिजे होतं ना तुला?"

"ती म्हणायची, एकबी उघडायचं नाय." तो त्या काळ्या झाकणाकडे बघत होता. "मला वाटलं, खरंच एकबी उघडणार नाय."

आणि सतरा दिवसांनी, शहागंजात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, तो रडायला लागला. उजव्या हातात कॅमेरा घट्ट धरलेला होता, तो काही त्याने खाली ठेवला नाही. डोळे पुसायला दुसरा हात नव्हता. मी पुसले.