आहेरातला वाघ

चाळिशी उलटल्यावर मी चित्रे काढू लागलो, तीही चिनी मातीच्या पांढऱ्या ताटल्यांवर. उमेदीची वर्षे मुन्सफ कचेरीत उर्दू कागदांचा मराठी तर्जुमा करण्यात गेली. कुणाशी समोरासमोर बोलावे लागत नाही, एवढ्यासाठीच ते काम मला आवडे. ताटल्यांचेही तसेच. कुणाचा बैल, कुणाचा पोपट काढून द्यावा आणि त्यांनी कौतुक करण्याआधी घर गाठावे. आमच्याकडे जेवण पितळेच्या ताटात; चिनी माती चुलीपर्यंत जात नसे, त्यामुळे माझी चित्रे भिंतीवरच राहत.

मानवतला माझ्या भाचीचे लग्न निघाले. तिची पिवळी मांजर मात्र वालूरला सासरी चालणार नव्हती. दुधातुपाच्या घरात मांजर नको, असे सासूबाईंनी आधीच बजावले होते. हळदीच्या दिवशीही भाची तिला मांडीवरून उतरवीना. निदान ताटलीवर तरी सोबत जावी म्हणून मी मांजर रंगवली. शेवटी फक्त पट्टे उरले असता काळा तैलरंग संपला. मी कचेरीची शाई गोंदात कालवून ते ओढले. जरा जाडच आले.

आमच्याकडे आहेर मांडवात पुकारून देतात. पुकारणारे होते नवरदेवाचे चुलते. त्यांनी ताटली उंच धरली आणि खणखणीत आवाजात सांगितले, "नवरीच्या मामांकडून, देवीचा वाघ."

मी दुरुस्ती करण्यासाठी उभा राहिलो. सारा मांडव माझ्याकडे पाहू लागला, म्हणून बसलो. तोवर सासूबाईंनी ताटली कपाळाला लावली होती. मुंडावळ्यांआड भाची हसू दाबत होती.

वाघ वालूरच्या देवघरात बसला. सासूबाई रोज ओल्या फडक्याने त्याला पुसत आणि कुंकू लावीत. थोड्याच दिवसांत एका गाडीवानाकरवी भाचीचा निरोप आला, की वाघाचे पट्टे उतरायलेत. माझे जेवणावरचे लक्ष उडाले. माहेरच्यांनी फसवले, असा बोल पोरीला लागला तर?

पंचमीला मी मानवतला बहिणीकडे होतो, तिथे सासूबाई स्वतःच भाचीला घेऊन आल्या. ताटली त्यांच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळलेली. मी मागच्या दाराकडे पाहिले. तिथे उंबऱ्यावर मांजर पसरली होती. सासूबाईंनी फडके सोडले. पट्टे पार गेले होते आणि गोल तोंडाची, पिवळी, सुस्त मांजर उरली होती. त्यांनी ताटलीकडे पाहिले, उंबऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मामा, हे जनावर कोनतं म्हनायचं?"

"मांजर," मी म्हणालो. चारचौघांत इतके स्पष्ट मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

"मंग मांडवातच का न्हाई बोललात?"

"त्यायला बोलायला लय वेळ लागतो, आत्याबाई," भाची म्हणाली.

सासूबाईंनी ताटली उंबऱ्याकडे धरून पुन्हा ताडून पाहिली. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"इतके दिस कुंकू लावलं हिला," त्या म्हणाल्या. "आता चला म्हनावं वालूरला. कनगीपाशी उंदरं तरी धरंल."

परतीच्या गाडीत मांजर भाचीच्या मांडीवर होती. ताटली मात्र सासूबाईंनी माझ्या हाती ठेवली. देवघर मोकळे दिसते, वाघाला पुन्हा पट्टे काढून द्या, आणि या खेपेला पक्के काढा, असे त्यांनी गाडीत बसता बसता बजावले.